हातोडी, मिरी आणि मराठीतलं एक पान

१९९२ साली इंग्लंडमध्ये, सफोक भागातल्या हॉक्सन गावात, एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याच्या ओळखीचा एक माणूस धातू शोधायचं यंत्र घेऊन आला. यंत्र वाजलं, पण खाली निघाला रोमन काळातला खजिना! सोन्याची, चांदीची आणि थोडी कांस्याची मिळून १४,८६५ नाणी, शिवाय दागिने आणि चांदीचे चमचे.

त्या माणसाने सगळं एकट्याने उपसून काढलं नाही. त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. मग पुरातत्त्वज्ञ, म्हणजे जुन्या वस्तू शोधून त्यांचा अभ्यास करणारे लोक, आले. त्यांनी नीट खणलं, म्हणून कोणती वस्तू कशाच्या शेजारी ठेवली होती हेसुद्धा कळलं. आज हा खजिना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि हो, हातोडीही सापडली. तीसुद्धा म्युझियममध्येच आहे.

ही गोष्ट मी का सांगतेय? कारण २०१० मध्ये याच खजिन्यावर आणखी एक काम झालं आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे.

त्या वर्षी लिअम वायट नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण पाच आठवडे ब्रिटिश म्युझियममध्ये स्वयंसेवक म्हणून राहिला. स्वयंसेवक म्हणजे पगार न घेता, आपल्या इच्छेने काम करणारा. तो विकिपीडियावर लिहिणारा होता. म्युझियममधले तज्ज्ञ आणि विकिपीडियावर लिहिणारे लोक यांची ओळख करून देणं, हे त्याचं काम. म्युझियमची जाहिरात लिहिणं हे त्याचं काम नव्हतं.

दोन्ही बाजूंना थोडी शंका असणं साहजिक आहे. तज्ज्ञाला वाटतं, "कोणीही येऊन काहीही बदलणार, मग मी कशाला वेळ घालवू?" लिहिणाऱ्याला वाटतं, "हे लोक स्वतःचंच कौतुक करून घेतील." पण एके दिवशी दोघं एकत्र बसले आणि हॉक्सनच्या खजिन्याचं इंग्रजी पान त्यांनी खूप सुधारलं. तज्ज्ञांकडे माहिती आणि पुस्तकं होती. स्वयंसेवकांना ती साध्या भाषेत मांडता येत होती. एकाकडे जे नव्हतं ते दुसऱ्याकडे होतं. पुढे ते पान इंग्रजी विकिपीडियाच्या सर्वात चांगल्या लेखांमध्ये निवडलं गेलं.

म्युझियमने तेव्हा बक्षीसही ठेवलं होतं. आपल्या वस्तूंवर उत्तम लेख झाला, तर १०० पौंडांची खरेदी म्युझियमच्या दुकानात करता येणार होती. मला त्यातली एक अट फार आवडते. लेख कोणत्याही भाषेत चालणार होता. म्हणजे मराठीतसुद्धा!

आता आपल्याकडे वळू या. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये, १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाला सुरू झाला. त्यावर आज सुमारे १ लाख लेख आहेत. इंग्रजीत ६५ लाखांहून जास्त आहेत. कोणी म्हणेल, "मराठी माणसं इंग्रजी वाचतात की! मग मराठीत कशाला?" सगळेच वाचत नाहीत. सातारा किंवा लातूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेतल्या मुलीला रोमन लोकांबद्दल वाचायचं असेल, तर तिने काय करायचं? तिला तिच्या भाषेत वाचायला मिळायला हवं.

मला वाटतं, हे काम तुम्ही करू शकता. "आमच्या मराठीत तर किती चुका असतात!" असं तुम्ही लगेच म्हणाल. असतात, मान्य. पण तुम्ही लंडनच्या म्युझियममध्ये बसने जाऊ शकता. तुमच्या गावातल्या छोट्या संग्रहालयात जाऊन तिथल्या माणसाला प्रश्न विचारू शकता. नागपूरला बसून मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्या काकांना ते जमणार नाही. त्यांची भाषा पक्की आहे, तर तुमच्याजवळ ती जागा आहे. २०१० मध्ये म्युझियममध्ये जी जोडी जमली, तशीच ही जोडी आहे.

मात्र घाई नको. समजा, तुम्ही खजिन्याचं इंग्रजी पान यंत्राकडून मराठीत करून घेतलं. त्यात चांदीच्या चार सुंदर डब्या आहेत. एक तर राणीसारख्या दिसणाऱ्या बाईच्या आकाराची आहे. रोमन लोक त्यांत मिरपूड ठेवत. यंत्राने 'मिरी'च्या जागी 'मिरची' लिहिलं तर? मोठाच घोटाळा! काळी मिरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजांनी रोमन लोकांपर्यंत जायची. मिरची मात्र मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती भारतात आणली, त्याच्या हजारएक वर्षं आधीच हा खजिना पुरला गेला होता. ही चूक तुमची आजी फोनवर एका मिनिटात पकडेल.

पण आजी सांगते म्हणून एखादी गोष्ट विकिपीडियावर लिहिता येत नाही. तिथे संदर्भ लागतो, म्हणजे ती माहिती कोणत्या पुस्तकात किंवा लेखात छापली आहे ते सांगावं लागतं. "आमचं म्युझियम जगात भारी" असंही चालत नाही. दुसऱ्याचं लिखाण जसंच्या तसं उतरवता येत नाही. हे नियम त्रासदायक वाटतील, पण त्यांच्यामुळेच वाचणाऱ्याला तुमचं लिहिणं तपासून पाहता येतं.

काही जण एका दिवसात पन्नास पानं तयार करतात आणि सगळी अर्धवट सोडतात. मला ते पटत नाही. त्यापेक्षा पाच वाक्यांचं एकच पान बरं, पण प्रत्येक वाक्य खरं हवं. संग्रहालय कुठे आहे? कधी सुरू झालं? तिथे काय पाहायला मिळतं? एवढं पुरे. आधी आईबाबांना सांगा, आणि खऱ्या नावाऐवजी टोपणनाव घ्या.

सरावासाठी मराठी विकिपीडियावर एक जागा आहे. तिचं नाव 'धूळपाटी'. पूर्वी मुलं पाटीवर धूळ पसरून तिच्यावर बोटाने अक्षरं गिरवायची. चुकलं की हात फिरवायचा, पुन्हा लिहायचं. तुमची वाक्यंही आधी तिथे लिहा. मग ती खऱ्या पानावर टाका. कोणीतरी येऊन तुमची वेलांटी सुधारेल. तेव्हा रागावू नका. हॉक्सनच्या माणसाने खणणं थांबवून जाणकारांना बोलावलं, म्हणून तो खजिना नीट बाहेर आला. तुम्हीही जाणकारांना हाक मारा, पण आधी शोधायला तरी निघा.

विचार करा आणि लिहा

१. लेखिकेच्या मते परदेशात राहणाऱ्या मुलांकडे असं काय आहे, जे नागपूरच्या काकांकडे नाही? तुम्हाला हे पटतं का?

२. आजीने सांगितलेली माहिती विकिपीडियावर का चालत नाही? हा नियम योग्य आहे का? तुमचं मत चार वाक्यांत लिहा.

३. तुमच्या गावातल्या एका संग्रहालयाबद्दल पाच खरी वाक्यं लिहा. प्रत्येक माहिती कुठे वाचली तेही सांगा.