तोट्याचे निमित्त आणि नफ्यातले खाते

वीज मंडळे तोट्यात, म्हणून खाजगीकरण हवे, असे आपल्याला गेली तीस वर्षे ऐकवले जाते. मग चंदीगडचे काय? तेथील सरकारी वीज खाते नफ्यात होते, गळती देशाच्या सरासरीहून कमी होती. तरीही मे २०२० मध्ये केंद्राने केंद्रशासित प्रदेशांतील वीज वितरणाचे खाजगीकरण जाहीर केले. ८७१ कोटींच्या बोलीवर हे खाते संजीव गोएंका समूहाकडे गेले. १ फेब्रुवारी २०२५ रोजी ताबाही दिला गेला.

कामगार गप्प बसले नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी तीन दिवसांचा संप पुकारला. शहराचा मोठा भाग अंधारात गेला, प्रशासनाने ‘एस्मा’ लावला आणि दुसऱ्याच दिवशी संप मागे घ्यावा लागला. नागरिकांचे हाल झाले, हे खरेच. पण वीज अत्यावश्यक म्हणून कामगाराचा संप बेकायदा ठरतो. तीच वीज नफेखोरीसाठी विकताना तिचे अत्यावश्यकपण कोठे जाते?

घरात येणारी तार एकच असते. दुकान बदलावे तशी ती ग्राहकाला बदलता येत नाही. अशी मक्तेदारी जनतेच्याच मालकीची हवी. सरकारी खात्यात दोष असतील, तर ते सुधारावेत, विकून टाकू नयेत.

महाराष्ट्रात जानेवारी २०२३ च्या संपानंतर खाजगीकरण न करण्याचे आश्वासन मिळाले. ते टिकवायचे, तर वीज कामगार आणि ग्राहक यांची एकजूट हवी. चंदीगडचा धडा हाच आहे.