सात दिवस, एक बिऱ्हाड

प्रवास करणे आणि प्रवास उरकणे यांत फरक आहे, हे मान्य करायला कुणाची हरकत नसते. हरकत येते ती प्रत्यक्ष बेत आखायला बसल्यावर. हातात नकाशा आला, की भल्याभल्या विचारी माणसाच्याही अंगात हाव संचारते. 'इतक्या लांब जातोच आहोत, तर तेही पाहून घेऊ' हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नसेल असे घर मला तरी ठाऊक नाही. गेल्या मे महिन्यात ते आमच्याही घरात उच्चारले गेले, आणि त्यातून जो वाद उभा राहिला, त्याने मला जे शिकवले ते इथे मांडावे असे वाटले. मी प्रवासवर्णन लिहायला बसलेलो नाही. मला एक मत मांडायचे आहे, आणि ते पटले नाही तर वाचकांनी खुशाल भांडावे.

झाले असे, की आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. जर्मनीत नोकरीला असलेल्या मामाने दोघांना इटलीचा प्रवास भेट द्यायचे ठरवले, आणि सोबतीला म्हणून माझी वर्णी लागली. एका प्रवास कंपनीचे माहितीपत्रक घरात आले. नऊ दिवसांत अकरा शहरे! आजीने ते चष्मा लावून वाचले आणि विचारले, "यात झोपायचं कधी?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर त्या गुळगुळीत कागदावर कुठेही नव्हते.

मग मी हिशोब मांडला. रोज मुक्काम बदलायचा म्हणजे सकाळी सामान बांधणे, खोली सोडणे, पुढच्या गावी पोचणे, खोली मिळेपर्यंत ताटकळणे आणि पुन्हा सामान सोडणे. यात अर्धा दिवस सहज जातो. आठवड्यात सहा वेळा मुक्काम हलवला, तर तीन दिवस केवळ पेट्या उचलण्यात गेले. आमच्या गावाकडे याला बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणे म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. म्हणून मी सुचवले, की समुद्रकाठचे एकच गाव धरावे, तिथे सात रात्री राहावे आणि रोज सकाळी निघून संध्याकाळी परत यावे. सगळे कपडे एकदाच कपाटात लावावेत. व्हिसाच्या अर्जालाही हे सोयीचे पडले. एकाच ठिकाणच्या मुक्कामाचा एकच कागद जोडला आणि नियमाप्रमाणे तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढला, की मोठे काम संपते.

गाव निवडले रिमिनी. एड्रियाटिक समुद्राच्या काठचे हे शहर इटालियन लोकांचे उन्हाळी माहेरघर आहे. १८४३ साली इथे पहिले स्नानगृह उघडले आणि तेव्हापासून सुमारे पंधरा किलोमीटरचा हा वाळूचा किनारा छत्र्या-खुर्च्यांनी भरत आला आहे. ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात मात्र छत्र्या नुकत्या उभारल्या जात असतात, पाणी गार असते आणि खोल्याही स्वस्त मिळतात. पण मी रिमिनी निवडले ते समुद्रापेक्षा रेल्वेसाठी. रोमन लोकांनी इ. स. पू. १८७ मध्ये इथून वायव्येला एमिलिया नावाचा सरळ रस्ता काढला. फोर्ली, फाएन्झा, इमोला, बोलोन्या ही गावे त्या रस्त्यावर माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली आहेत आणि आजची रेल्वे त्याच रेषेच्या बाजूने धावते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी आमचे वेळापत्रक सोपे करून ठेवले होते म्हणायचे!

बेताला मी एक नियम घातला. एका बाजूचा प्रवास शक्यतो दीड तासाहून अधिक नसावा. या नियमाचा पहिला बळी ठरले व्हेनिस, आणि घरात वादळ झाले. "इटलीला जाऊन व्हेनिस नाही? लोक काय म्हणतील?" असे मावशी फोनवर म्हणाली. माझे उत्तर असे होते, की रिमिनीहून व्हेनिसला जायला अडीच-तीन तास आणि यायला तितकेच. उरलेल्या चार तासांत गर्दीच्या पाठी पाहून परतायचे. शिवाय दिवसापुरते येऊन जाणाऱ्यांच्या लोंढ्याला ते शहर इतके विटले आहे, की २०२४ पासून ठरावीक दिवशी अशा पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेऊ लागले आहे. जे गाव आपल्याला राहा म्हणते तिथे दोन रात्री राहावे, नाहीतर जाऊच नये. लोक काय म्हणतील याचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. ते आजीने दिले. ती म्हणाली, "लोकांचे पाय दुखणार नाहीत, माझे दुखतील."

असा वाद जिंकल्यावर माणसाला आपल्या शहाणपणाचा थोडा माज चढतो. तसा तो मला चढला होता. मी कागदावर आठवडा लिहून काढला. रविवारी खुद्द रिमिनी. सोमवारी रावेन्ना, कारण इटलीतली बरीच सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, पण रावेन्नाची प्राचीन चर्चे पाहता येतात. मंगळवारी उर्बिनो. बुधवार रिकामा. गुरुवारी बोलोन्या, शुक्रवारी फेरारा आणि शनिवारी सान मारिनो. हा कागद मी मोठ्या ऐटीत आजोबांपुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि एवढेच विचारले, "यातून फोर्ली किती लांब पडतं रे?"

मी नकाशा पाहिला आणि गप्प झालो. बोलोन्याला जाणारी गाडी फोर्लीलाच थांबत होती. रिमिनीपासून पन्नास किलोमीटर, जेमतेम पाऊण तास. माझ्या बेतात आम्ही फोर्लीच्या फलाटावरून दोनदा जाणार होतो आणि एकदाही उतरणार नव्हतो.

आजोबांचे थोरले चुलते मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि परतले नाहीत. साताऱ्याकडच्या आमच्या गावी तार आली. अस्थी आल्या नाहीत. युद्धातील कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदींत त्यांचे नाव फोर्लीच्या स्मारकावर असल्याचे आजोबांना काही वर्षांपूर्वी समजले होते. हे सारे मी लहानपणापासून ऐकले होते. मी इतिहासाचा विद्यार्थी! आणि तरीही बेत आखताना मला ते आठवले नाही. कारण मी ज्या पुस्तकावरून बेत आखत होतो त्यात फोर्लीला एकही तारा नव्हता.

इथेच माझ्या मताचा खरा गाभा आहे. बेत आखणे म्हणजे काय काय पाहायचे याची यादी करणे, असे आपण समजतो. खरे तर बेत म्हणजे काय सोडायचे याचा निर्णय असतो, आणि तो निर्णय आपण स्वतः घेतला नाही, तर दुसरा कोणीतरी आपल्यासाठी घेऊन ठेवलेला असतो. प्रवास कंपनीवर मी तावातावाने टीका केली होती. पण ताऱ्यांवरून गावे निवडताना मी तेच करत होतो. फेरारा खोडले आणि तिथे फोर्ली लिहिले.

आता आठवड्याचा जमाखर्च सांगतो. रिमिनीला ऑगस्टसची कमान इ. स. पू. २७ ची आहे आणि तिबेरियसचा पूल इ. स. २१ मध्ये पुरा झाला. त्या पुलावरून आजी दोनदा चालून आली. विख्यात चित्रपट दिग्दर्शक फेलिनी १९२० साली याच गावी जन्मला. त्याच्या नावाचे संग्रहालयही इथे आहे. रावेन्नाला सान व्हिताले चर्चमध्ये इ. स. ५४७ च्या सुमाराची भित्तिचित्रे आहेत. लहान लहान काचतुकड्यांतून जस्टिनियन बादशहा आणि थिओडोरा राणी उभी केलेली आहेत. गाला प्लाचिदियाच्या लहानशा समाधिमंदिरात निळ्या छतावर तारे आहेत. तिथे जाण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. कवी दान्ते १३२१ मध्ये याच गावी परागंदा अवस्थेत वारला. त्याच्या थडग्यापाशी आजोबा बराच वेळ थांबले. आपल्या गावापासून दूर मेलेल्या माणसांविषयी त्यांना त्या आठवड्यात विशेष जवळीक वाटत असावी.

उर्बिनो हा माझ्या नियमाला एकच अपवाद होता. पेसारोपर्यंत गाडी आणि पुढे घाटातून बस, असा प्रवास दीड तासापलीकडे गेला. पण राफाएलचे जन्मगाव आणि तिथला ड्यूकचा वाडा पाहून कोणी तक्रार केली नाही. बोलोन्याचे विद्यापीठ १०८८ सालापासूनचे मानले जाते. तिथल्या छपराच्या पादचारी वाटा पाहून आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी हे कोणाला का सुचले नाही, असा प्रश्न मला पडला. माझी फजितीही लिहून ठेवतो. साध्या गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. दोघांना हे बजावून सांगणाऱ्या मीच माझ्या तिकिटावर शिक्का मारला नाही आणि दंड भरला. आजीला तो प्रसंग सान व्हितालेपेक्षा अधिक आवडला असा माझा संशय आहे.

बुधवारच्या रिकाम्या दिवसाबद्दल मामा नाराज होता. "पैसे भरून नुसतं बसायचं?" असे त्याचे म्हणणे. त्या दिवशी आजीने किनाऱ्यावर बसून शेजारच्या इटालियन म्हातारीशी तासभर गप्पा मारल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण गुडघ्यांचे दुखणे हा विषय समान होता. एकाच गावी राहिल्यामुळे चौथ्या दिवशी कॉफीवाला आम्हाला ओळखू लागला. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते हे त्यानेच खुणेने सांगितले. या गोष्टी कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत. त्या एका जागी बसणाऱ्यालाच मिळतात.

शुक्रवारी रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप झाला. इटलीत संपाच्या दिवशीही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ काही गाड्या सोडतात, पण म्हाताऱ्या माणसांना त्या भरवशावर नेणे मला धजवेना. मुक्काम एकच असल्याने दिवसांची अदलाबदल करणे सोपे होते. शुक्रवारी बसने सान मारिनोला गेलो. अवघ्या एकसष्ट चौरस किलोमीटरचे ते स्वतंत्र प्रजासत्ताक डोंगरावर वसले आहे, आणि त्याच्या वाटेवर रिमिनीजवळ गुरखा सैनिकांचे दफनस्थान आहे. फोर्ली शनिवारवर गेले. नऊ दिवसांत अकरा शहरांच्या प्रवासात असा संप झाला असता, तर बळी कोणत्या शहराचा गेला असता हे सांगायला नको.

फोर्लीचे भारतीय सैनिकांचे दफनस्थान शहराबाहेर आहे. तिथे तिकीट नाही, रांग नाही आणि त्या दिवशी आमच्याखेरीज कोणी नव्हते. ज्यांचे दहन झाले अशा सातशेहून अधिक सैनिकांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. याच भागातल्या सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी नगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधव या शिपायाने जखमी सोबत्यांना पाठीवरून नदीपार नेले, शत्रूची ठाणी निकामी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी टायबर खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे तोच मान मिळवून धारातीर्थी पडले. परक्याच्या साम्राज्यासाठी ही माणसे का लढली, हा वाद वर्गात जरूर करावा. मीही केला आहे. पण त्या हिरवळीवर तो मला सुचला नाही.

आजोबांनी नाव शोधले, त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. परतताना गाडीत ते म्हणाले, "आजवर पितृपक्षात आम्ही नुसतं 'परदेशी वारले' म्हणायचो. आता गावाचं नाव घेता येईल." अकरा शहरांच्या यादीतून हे वाक्य मिळाले नसते.

कोणी म्हणेल, ज्यांचे कोणी इटलीत मेले नाही त्यांना याचा काय उपयोग? उपयोग आहे. प्रत्येक प्रवासात असे एखादे फोर्ली असते. आपल्या महाविद्यालयाची सहलही 'तीन दिवसांत आठ स्थळे' अशीच निघते. बसमधून उतरा, छायाचित्र काढा, चढा! सहल समितीला माझी नम्र सूचना आहे, की यंदा एकच मुक्काम ठेवावा, एक दिवस मोकळा सोडावा आणि बेत आखण्यापूर्वी सोबतच्या प्रत्येकाला विचारावे, की तुला कुठे जायचे आहे आणि का. कुणीतरी घडी घातलेला कागद हातात धरून गप्प बसलेले असते. त्याने विचारण्याची वाट पाहू नये, आपणच विचारावे.