काळी पुस्तकं आणि ‘गोल सेटिंग’

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) पोरीने बारावीला बरे मार्क पाडले की तिचं ध्येय ठरवायला अख्खी गल्ली धावून येते. इंजिनिअरिंग नाहीतर एमपीएससी. तिला काय हवंय, हे विचारायची पद्धत नाही.

माझी संगमनेरची मावसबहीण नगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीए, काफ्का, दोस्तोएव्हस्की हे तिचे लाडके. मावशीला वाटतं, असलं वाचून डोक्यावर परिणाम होतो. त्यात मॉक इंटरव्ह्यूला आलेल्या एका ट्रेनरसाहेबांनी रेझ्युमेतल्या छंदांमधून ‘शोकांतिका वाचणे’ खोडायला लावलं. निगेटिव्ह दिसतं म्हणे! त्याजागी ‘संगीत ऐकणे’. पोरीने मुकाट्याने खोडलं. माझं डोकं फिरलं ते इथे.

अहो साहेब, ‘क्राइम अँड पनिशमेंट’ वाचलंय का? त्यातला रास्कोल्निकोव्ह हाही फीपायी कॉलेज सुटलेला विद्यार्थीच. ध्येय पक्कं, प्लॅन तयार, म्हातारीच्या घरापर्यंतची पावलंसुद्धा मोजलेली... ७३०! आपण असामान्य, आपल्याला नियम लागू नाहीत, असा त्याचा ठाम विश्वास. म्हणजे तुमच्या सेमिनारमध्ये जे विकलं जातं तेच. ते शेवटापर्यंत नेलं तर काय होतं, हे दोस्तोएव्हस्कीने १८६६ मध्येच लिहून ठेवलंय. आणि हा गृहस्थ स्वतः इंजिनिअर बरं का! लष्करी इंजिनिअरिंगचं शिक्षण १८४३ मध्ये पूर्ण केलं आणि वर्षभरात नोकरीला रामराम ठोकला.

काफ्काने मात्र नोकरी सोडली नाही. प्रागमध्ये कामगार अपघात विम्याच्या कचेरीत १९०८ ते १९२२ काम केलं आणि रात्री लिहिलं. त्याचा ग्रेगोर किडा होऊन उठतो आणि काळजी कसली करतो? गाडी चुकल्याची, ऑफिसला उशीर झाल्याची. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडणाऱ्यांनी हसू नये.

जीएंचं उदाहरण तर घरचंच. धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले, लोकांपासून लांब. ‘काजळमाया’ला मिळालेला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार परत करून मोकळे झाले. एवढी स्वतःची मोजपट्टी कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळते, सांगा.

बरं, आपल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांना ‘बलुतं’ (१९७८) लिहिताना कोणी ‘जरा पॉझिटिव्ह लिहा’ म्हणालं असतं तर? (ते आत्मकथन, कादंबरी नव्हे, ठाऊक आहे.)

पोर खरंच जेवत-झोपत नसेल, गप्प गप्प असेल, तर तिच्याशी बोला, डॉक्टरकडे न्या. पुस्तक हिसकावून काय साधणार? ही तर जेवते, भांडते, हसते. तिचं ध्येयही तिने सांगितलंय, कोणी ऐकेल तर: नोकरी करून शैक्षणिक कर्ज स्वतः फेडायचं आणि रात्री रशियन शिकून दोस्तोएव्हस्की मुळातून वाचायचा. पाच वर्षांनी कुठे असाल, या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मी तरी आमच्या ऑफिसात ऐकलेलं नाही. तिथे सगळ्यांना लीड व्हायचं असतं. असो.

पुढच्या वर्षी कॅम्पस सुरू होईल. खोडलेली ओळ परत घाल, असं तिला सांगितलंय. मावशीला अजून काही बोललेलो नाही :-)