शेगडी बिनधुराची, पण जागा अंगणातलीच

मैत्रिणींनो, डिसेंबर लागला की आपल्या कन्नडमध्ये अर्धा स्वयंपाक घराबाहेर येतो. सकाळी अंगणात आंघोळीच्या पाण्याखाली जाळ, शेतात हुरड्याची आगटी, आणि घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. उज्ज्वला योजनेमुळे 2016 पासून गरीब घरांतही सिलिंडर पोचले हे खरं. पण सहा माणसांच्या आंघोळीचं पाणी रोज गॅसवर तापवणारी बाई मला दाखवा!

या जाळाला पर्याय म्हणून आता बचत गटांच्या बैठकीत पेलेटच्या शेगडीचा विषय निघतो. पेलेट म्हणजे भुसा, पऱ्हाटी, शेंगांची टरफलं दाबून केलेल्या, करंगळीपेक्षा बारीक कांड्या. शेगडीत छोटा पंखा असतो. तो खालून आणि वरून हवा देतो, त्यामुळे कांड्यांतून निघणारा धूरच पेट घेतो. आच चांगली लागते, भांडी फारशी काळी होत नाहीत, डोळ्यांतून पाणी येत नाही. चुलीपुढे जन्म काढलेल्या बाईला एवढं सुख पुरे वाटलं, तर त्यात नवल नाही.

मला काळजी आहे ती इथेच. धूर दिसत नाही, म्हणून थंडीच्या रात्री ही शेगडी उचलून घरात आणली जाते. दारं-खिडक्या बंद, फटीला गोणपाट, कोपऱ्यात निखारे आणि बाजूला बाळंतीण! कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. धुमसत्या निखाऱ्यातून तो निघतच असतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशी बातमी जवळजवळ दर हिवाळ्यात येते. लाकडाचा धूर निदान खोकला आणून आपल्याला बाहेर तरी काढतो. कुणाला असं झालंच, तर आधी उघड्यावर न्या आणि लगेच दवाखाना गाठा. कांदा हुंगवत बसू नका.

अमेरिकेत कांड्यांवर चालणारी झाकणाची मोठी भट्टी परसात ठेवतात आणि मंद धुरावर तासन् तास मांस, भाज्या भाजतात. ओरेगॉन राज्यातल्या ट्रेगर कुटुंबाने ती 1980 च्या दशकात आणली. तिकडे बर्फ पडत असला तरी भट्टी बाहेरच राहते, माणूसच कोट घालून तिच्यापाशी जातो. आपण स्वेटर घालून अंगणात बसायला काय हरकत आहे?

अर्थात थंडीत बाहेर जाळ करायचा तर युक्ती लागते. वाऱ्याने आच उडते आणि कांड्या जास्त जळतात, म्हणून भिंतीच्या आडोशाला बसावं. मात्र तिन्ही बाजूंनी पत्रे लावून त्याची खोली करू नये. भांड्यावर झाकण हवंच. दवात राहिलेली कांडी फुगून तिचा पुन्हा भुसा होतो आणि मग तीच शेगडी भकाभका धूर सोडते. पोतं ओट्यावर उघडं टाकू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आणि ही शेगडी गॅससारखी बटण फिरवून विझत नाही, तेव्हा मोजकंच भरा.

आता पैशाचं बोलू. 2006 च्या सुमारास बीपी कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने ‘ऊर्जा’ नावाची अशीच शेगडी आणली होती. आपल्या मराठवाड्यात लातूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सखींनी ती गावोगाव विकली. सगळीकडच्या मिळून चार लाखांच्या आसपास शेगड्या खपल्या. पुढे कच्चा माल महागला, कांड्यांचे भाव चढत गेले, बीपी बाहेर पडली, आणि व्यवसाय घरगुती चुलीकडून हॉटेलांकडे वळला. शेगड्या माळ्यावर गेल्या. विकणाऱ्या बायांना मात्र त्याच गल्लीत राहायचं होतं, रोज त्याच शेजारणींना तोंड द्यायचं होतं.

आज तर कांड्यांना आणखी मोठं गिऱ्हाईक आहे. कोळशात पेलेट मिसळावेत असं धोरण केंद्राने 2021 साली औष्णिक वीज केंद्रांसाठी ठरवलं. भाव वाढला तर आपल्या पाच किलोच्या पिशवीची कोण पर्वा करणार? पऱ्हाटी आपल्याच शेतात उभी आहे, तिच्या कांड्या तालुक्यातच झाल्या तर गोष्ट वेगळी. तोवर विक्रेता दारात आला की शेगडीच्या किमतीआधी त्याला विचारा: कांड्या कुठून येणार, पुढच्या डिसेंबरात काय भावाने देणार, आणि पंखा बिघडला तर दुरुस्ती कन्नडमध्ये होईल का? उत्तर कागदावर मागा. आणि गटाने घ्यायचीच झाली, तर आधी एकच घ्या. एक हिवाळाभर सगळ्या जणी आळीपाळीने आपापल्या अंगणात वापरून बघा.