कडक शाफ्टचा आग्रह सोडा

मुलगा किंवा मुलगी बॅडमिंटनमध्ये जरा चमकू लागली की पालकांना एक सल्ला हमखास मिळतो : 'आता स्टिफ शाफ्टची रॅकेट घ्या, स्मॅशही बसेल आणि कंट्रोलही येईल.' मोहन्यातून निघून आंबिवली किंवा शहाडला लोकल पकडून कल्याणच्या कोर्टवर जाणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या किटबॅगेत म्हणूनच अशा कडक शाफ्टच्या, म्हणजे मूठ आणि डोके जोडणाऱ्या कडक दांडीच्या, महागड्या रॅकेट दिसतात. हा सल्ला मला साफ अमान्य आहे.

पण समोरच्यांची बाजू आधी नीट ऐकून घेऊ, कारण ती पोकळ नाही. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेल्या स्मॅशची नोंद ताशी ५६५ किलोमीटर झाली आणि तो जागतिक विक्रम ठरला. त्याच्या हातातली नॅनोफ्लेअर १००० झेड ही अतिकडक शाफ्टची रॅकेट. आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी त्याचा दुहेरीतला जोडीदार, त्यामुळे इथल्या मुलांना हे उदाहरण घरचे वाटते. शिवाय कडक शाफ्ट झटकन सरळ होतो, फटका नेमका जातो, हेही खरेच आहे.

मग चूक कुठे होते? कार्याला कारण समजण्यात. सात्विकचा हात प्रचंड वेगाने फिरतो, म्हणून त्याला कडक शाफ्ट पेलतो. शाफ्ट कडक आहे म्हणून हात वेगाने फिरत नाही.

फटक्यात घडते काय ते बघा. हात पुढे झेपावतो तेव्हा रॅकेटचे डोके क्षणभर मागे रेंगाळते आणि शाफ्ट मागे वाकतो. मग तो उसळून पुढे येतो आणि नेमक्या त्या वेळी शटल तारांवर आले तर डोक्याच्या वेगात थोडी भर पडते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अव्वल खेळाडूंच्या शाफ्टवर ताण मोजणारी उपकरणे चिकटवून हेच पाहिले : शाफ्ट उसळून पुढे येत असतानाच त्यांचा फटका बसत होता. ही भर म्हणजे वरकमाई. मूळ वेग खांद्याचा, बाहूच्या फिरकीचा आणि बोटांच्या पकडीचा. तेरा वर्षांच्या मुलाच्या हाताला तेवढा वेगच नसेल तर कडक शाफ्ट पुरेसा वाकत नाही आणि वरकमाईही हाती लागत नाही. बेसलाइनवरून मारलेला त्याचा बॅकहँड क्लिअर मध्य कोर्टातच पडतो. अंतर भरून काढायला तो खांदा ओढतो, वेळ चुकते आणि त्या चुकलेल्या फटक्याचा हादरा कोपराला बसतो. क्लिअर आखूड पडला की प्रतिस्पर्धी पुढे सरसावतो आणि गुण जातो. याला ताकद वाढली असे कसे म्हणायचे?

कंट्रोलचा दावा तर मला त्याहून कच्चा वाटतो. लवचिक शाफ्टमुळे नेम चुकतो तो हात फार वेगाने फिरवणाऱ्याचा, कारण फटक्याच्या वेळी त्याचा शाफ्ट सरळ झालेला नसतो. सावकाश फिरणाऱ्या हातात शाफ्ट मुळात कमीच वाकतो; तिथे कडकपणाने वाचवण्यासारखे फारसे काही उरत नाही. नेटजवळच्या ड्रिबलला तर तो जवळपास वाकतच नाही. तिथे काम करतात ती बोटे आणि रॅकेटच्या तोंडाचा कोन. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरची सेलँगोर स्पर्धा जिंकली तेव्हा कार्बन ग्राफाइटचे शाफ्ट नव्हतेच. त्या लाकडी रॅकेटच्या काळातही फटक्यांत नजाकत होती.

लवचिक शाफ्ट घेतला की ताकद आपोआप येते, हेही मी मानत नाही. हात वाढला, फटका जलद झाला, की तोच शाफ्ट मागे पडू लागतो, शटल उशिरा सुटते. तेव्हा एक पायरी वर चढावे, आणि तीही एकच.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. खेळाचे नियम रॅकेटची लांबी ६८० आणि रुंदी २३० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे सांगतात. शाफ्टच्या कडकपणाचा त्यात उल्लेख नाही. त्याचे सर्वमान्य माप नसल्यामुळे एका कंपनीचा 'स्टिफ' दुसऱ्या कंपनीचा 'मीडियम' निघू शकतो. दोन्ही हातांत धरून रॅकेट वाकवून बघण्यानेही मुलाच्या हातात ती कशी चालेल ते कळत नाही.

इथला एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडल्यापासून मोहन्यातल्या किती तरी घरांनी पै-पै जपून संसार केला. अशा घरातून रॅकेटसाठी हजारो रुपये निघतात तेव्हा सल्ला देणाऱ्यावर जबाबदारी येते. प्रशिक्षकांना माझी विनंती आहे : मुलाला आधी दोन-तीन जणांच्या वेगवेगळ्या रॅकेटने बेसलाइनवरून क्लिअर मारू द्या. जिने शटल विनासायास पलीकडच्या बेसलाइनपर्यंत जाते, तीच त्याची रॅकेट. पालकांनो, बहुतेक शाळकरी मुलांना मध्यम किंवा लवचिक शाफ्ट पुरतो. उरलेले पैसे चांगल्या गटिंगवर (तारांवर) आणि शिकवणीवर खर्च करा.