मालमोटार सोडून ऊसतोडणी यंत्रावर जावे काय?

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात गाळप हंगाम जवळ आला की एक प्रश्न अलीकडे वारंवार कानी येतो. कोणाचा भाऊ वा मुलगा मालमोटारीवर किंवा दुधाच्या टँकरवर कायम चालक असतो. दरमहा पगार मिळतो, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, बारा महिने काम असते. ऊसतोडणी यंत्राचा एखादा मालक त्याला हंगामापुरते पुष्कळ अधिक वेतन देऊ करतो. त्याने जावे की न जावे? हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, शेतीखात्याने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु त्याचे उत्तर बऱ्याच अंशी उसाच्या सरीत आहे, म्हणून येथे लिहिणे भाग पडते.

तोडणीच्या टोळ्या पुरेनाशा झाल्या, तशी यंत्रांची मागणी वाढली. 2023 मध्ये राज्य शासनाने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून 900 यंत्रांसाठी किमतीच्या 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये, अनुदान जाहीर केले. यंत्रे आली की चालक लागणारच, आणि चांगला चालक सहज मिळत नाही.

यंत्राला आसन असते व पुढे काच असते, एवढ्यावरून हे काम मोटार हाकण्यासारखे आहे असे समजू नये. मालमोटारीच्या चालकाची दृष्टी रस्त्यावर असते. येथे ती जमिनीलगत फिरणाऱ्या पात्यांवर ठेवावी लागते. पाती दोन बोटे वर राहिली तर बुंध्याकडील साखरेचा ऊस शेतातच राहतो. फार खाली गेली तर माती ट्रॉलीत येते आणि खोडव्याचे बुडखे उखडतात. पाचट उडविणारा पंखा मंद ठेवला तर पाला कारखान्यात जातो. अति वेगाने फिरविला तर पाल्याबरोबर उसाचे तुकडेही बाहेर पडतात. लोळलेल्या उसात तर प्रत्येक सरीला निराळा विचार करावा लागतो. शिवाय शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीशी गती जुळवावयाची, हायड्रॉलिक नळी फुटली तर ती रानातच बदलावयाची आणि वाळलेला पाला तापलेल्या इंजिनाजवळ साचू द्यावयाचा नाही, कारण त्यामुळे यंत्र पेटू शकते. ही विद्या आहे. एका हंगामात ती पुरती हाती येत नाही. पण ज्याच्या हाती आली, त्याचा मान व दाम दोन्ही वाढतात.

आता दुसरी बाजू. गाळप साधारणतः नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मार्चच्या आसपास आटोपते. पुढील सात महिने घर कशावर चालणार? अवकाळी पाऊस पडला की कृष्णाकाठच्या काळ्या रानात यंत्र शिरू शकत नाही. मालकाला मोबदला टनावर मिळतो आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी भरावा लागतो. यंत्र उभे राहिले की ओढाताण चालकाच्या वेतनापर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही.

निवृत्तिवेतनाचाही विचार करावा. 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान 10 वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षे भरलेला माणूस नोकरी सोडताना त्या खात्यातील रक्कम काढून घेतो, तेव्हा ती वर्षे त्याच्या हिशेबातून जातात. रक्कम न काढता योजना-प्रमाणपत्र घेतले तर ती पुढील सेवेत धरली जातात. ही गोष्ट फार थोड्या चालकांना ठाऊक आहे.

माझे मत असे की, केवळ हंगामाच्या वेतनाकडे पाहून कायम नोकरीचा राजीनामा देऊ नये. वरिष्ठ बिनपगारी रजा देत असतील तर एक हंगाम सहायक म्हणून यंत्रावर काढावा. ज्याला दुरुस्तीची मुळातच आवड आहे आणि ज्याच्याशी मालक पावसाळ्यातील देखभालीचे वेतन, यंत्र उभे राहिल्यास द्यावयाची रक्कम व अपघात विमा लिहून ठरवितो, त्याने खुशाल जावे. तोंडी बोलण्यावर मात्र जाऊ नये.

लेखी करार झाला तरी यंत्राला पुरेसे रान मिळाले पाहिजे. आपल्याकडे तीन-साडेतीन फुटी सरीची सवय जुनी आहे. तेथे यंत्राची चाके बुडख्यांवरून जातात व खोडवा बिघडतो. मग शेतकरी यंत्राला दोष देतो आणि पुढच्या वर्षी टोळीची वाट पाहतो. यंत्रासाठी किमान साडेचार फूट, शक्यतो पाच फूट अंतर हवे, आणि सरीच्या टोकाला वळण्यापुरती जागा हवी. वीस गुंठ्यांचे सुटे तुकडे कापताना दिवस वळण्यात व वाटेत जातो. शेजाऱ्यांनी एकाच वेळी, एकाच दिशेने सऱ्या पाडल्या तर तेच यंत्र दिवसभर तोडत राहते. जुलैत लावलेली आडसाली पुढील वर्षाच्या हंगामात तुटते. म्हणजे चालकाची कमाई तो यंत्रावर बसण्यापूर्वी सव्वा-दीड वर्ष आधीच ठरू लागते!

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे असा तरुण सल्ला मागण्यास आला, तर त्याला नुसते हो वा नाही सांगू नये. कारखान्याच्या गट कार्यालयात उसाच्या लागणीची नोंद असते. ती त्याच्यासह पाहावी, आणि मालक ज्या गावांतून यंत्र फिरविणार आहे तेथे रुंद सरीचे, एकमेकांस लागून असलेले क्षेत्र किती आहे, हे शिवारात हिंडून मोजावे.