भाकरी कुणी थापल्या, विहिरीत कोण होतं?

17 सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यात दर वर्षी झेंडावंदनाची आणि सत्कारांची तयारी सुरू होते. 2023 मध्ये मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सवही दणक्यात झाला. निजामाच्या राजवटीविरुद्ध आणि रझाकारांविरुद्ध जे लढले त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, त्याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते लढाई फक्त बंदुकीची असते आणि ती फक्त पुरुष लढतात या गृहीताशी. आम्हा सोलापूरकरांशी तर जास्तच. ही लढाई आमच्या दारातून गेली, आणि आम्ही ती शेजारच्या जिल्ह्याची म्हणून हात झटकून मोकळे झालो.

दारातून म्हणजे अक्षरशः दारातून. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्याची मुख्य फौज सोलापूरहूनच हैदराबादच्या दिशेनं निघाली आणि त्याच दिवशी तिनं नळदुर्ग घेतलं. पाच दिवसांत सगळं आटोपलं. सरकारनं त्याला युद्ध म्हटलंच नाही, 'पोलीस कारवाई' म्हटलं. मैत्रिणींनो, मारहाणीला 'घरगुती मामला' म्हणून वहीत टिपून घेणारा हवालदार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. नाव बदललं की जबाबदारी बदलते, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

पण त्या पाच दिवसांच्या आधीचे तेरा महिने? ऑगस्ट 1947 पासून इथल्या सरहद्दीवरच्या गावांनी ते कसे काढले? सरहद्द म्हणजे काही सरळ रेघ नव्हती. सोलापूरहून बार्शीला निघालं की वाटेतच निजामाची हद्द लागायची. आज माळढोक आणि द्राक्षांसाठी माहीत असलेलं नान्नज तेव्हा मोगलाईत होतं. जुलै 1948 मध्ये तिथं चकमक झाली आणि भारतीय सैन्यानं ते गाव ताब्यात घेतलं. बार्शीकडं तर एक गाव इकडचं, पुढचं तिकडचं. पुरुषांसाठी ही हद्द राजकारणाची होती. बाईसाठी माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, मधे करोडगिरीचा नाका. बाळंतपणाला माहेरी जायचं तर हद्द ओलांडायची. भारत सरकारनं हैदराबादची आर्थिक कोंडी केली तेव्हा राजवाड्यातला स्वयंपाक थांबला नाही. मीठ आणि रॉकेल संपलं ते मोगलाईतल्या गरिबाच्या घरात, आणि अळणी कालवणाबद्दल बोलणी खाल्ली ती तिथल्या बाईनं.

माझी आजी बार्शी तालुक्यातली. तिला लढाईचं विचारलं की ती पिठाचं बोलायची. मोगलाईतनं आलेले पाहुणे घरात होते. आधी दोन माणसं, मग त्यांची भावकी, मग शेरडंसुद्धा. शिवाय सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या पोरांसाठी गावातून भाकरी जायच्या. पहाटे जातं, मग थापणं, मग फडक्यात बांधून देणं, आणि दिवस उजाडल्यावर पुन्हा रानातलं काम. "बंदुका कुणी दिल्या ठाऊक न्हाई, दुरडी आमची व्हती," असं ती म्हणायची. दुरडी परत आली नाही याचं तिला पुढं कितीतरी वर्षं वाईट वाटत होतं. आम्ही हसायचो. आता वाटतं, तिच्या मालकीची म्हणता येईल अशी घरात तेवढीच वस्तू असेल.

स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली ती 1972 मध्ये. तुरुंगात किती महिने काढले ते दाखवायचं, भूमिगत असाल तर तसा पुरावा द्यायचा. पुढं हैदराबाद सरहद्दीवरचे कॅम्पही त्यात धरले गेले. म्हणजे कॅम्पात राहणं हा त्याग ठरला, आणि तो होताही. पण कॅम्पाला खाऊ घालणारीला दाखला कुणी द्यायचा? जात्यानं? बायकांसाठी तुरुंगवासाची अट सहा महिन्यांऐवजी तीन महिने ठेवली, एवढीच काय ती सवलत. बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण इतकं वाढलं की चौकशीला न्या. पालकर आयोग नेमावा लागला. ज्याला खोटे कागद जमवता आले त्याचा सत्कार झाला. खऱ्या भाकरी थापणारीकडं कागदच नव्हता.

इथवर बोललं की सभेत टाळ्या पडतात. भाकरीवाल्या आजीला मान द्यायला कुणाचीच हरकत नसते. पुढचं बोललं की खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायला लागतात.

रझाकारांनी गावं लुटली, बायकांवर अत्याचार केले. हे खरं आहे आणि ते विसरता कामा नये. पण सप्टेंबर 1948 नंतरच्या आठवड्यांत त्याच गावांमध्ये मुसलमान बायकांचं काय झालं? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीनं नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये गावोगाव फिरून जे पाहिलं ते लिहून ठेवलं. समिती केंद्र सरकारनंच पाठवली होती. अहवाल मात्र सरकारनं छापला नाही आणि पुढं दशकानुदशकं तो लोकांपासून लांबच राहिला. समितीचा अंदाज 27 हजार ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, म्हणजे सोलापूरला लागून असलेला. प्रेतांनी भरलेल्या विहिरी त्यात आहेत, बलात्कार आहेत, बायकांना पळवून नेणं आहे. पळवलेल्या काही बायका ज्या भारतीय शहरांत आणल्या गेल्या त्यांत अहवाल नाव घेतो सोलापूरचं. दंगलीत पुढं असणाऱ्या शस्त्रधारी टोळ्यांतली काही माणसं सोलापूरहून गेली होती, असंही समितीनं नोंदवलं आहे.

मग त्या बायका गेल्या कुठं? गिरण्यांच्या चाळीत? कुणाच्या वाड्यात मोलकरीण म्हणून? नाव बदलून, कुंकू लावून कुणाच्या संसारात? पंजाबच्या फाळणीत पळवलेल्या बायकांसाठी 1949 मध्ये निदान कायदा झाला. तो पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांपुरता होता. मुंबई इलाख्यातल्या सोलापूरला लागू नव्हता. तो कायदाही काही फार चांगला होता असं नाही. बाईला नको असताना तिला ओढून 'परत' नेलं गेलं, पोटच्या पोरांपासून तोडलं गेलं. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी ते 1998 मध्ये लिहून काढलं आहे. पण आमच्या इथल्या बायकांना ना तो कायदा मिळाला, ना त्यांच्याबद्दल कुणी पुस्तक लिहिलं.

हे उकरू नका, आगीत तेल पडेल, असं मला आपल्यातल्याच काही जणी सांगतात. त्यांची काळजी मला कळते, पण पटत नाही. आग लावणारे काही आपल्या परवानगीची वाट पाहत नाहीत. रझाकारांनी नासवलेल्या बायकांच्या गोष्टी ते दर सप्टेंबरला भाषणांतून वाजवतात, आणि त्यात त्या बाईचं म्हणणं एका वाक्याचंही नसतं. ती फक्त 'आमची इज्जत' असते. तिच्या बदल्यात दुसऱ्यांची 'इज्जत' लुटून हिशेब पुरा करायचा. आपण गप्प राहिलो तर एवढाच हिशेब शिल्लक राहील. एका बाजूचीच बाई मोजायची असेल तर आपल्या चळवळीची गरज काय, ते काम करणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत.

आणि 'आपला' सैनिक, 'आपला' स्वयंसेवक म्हणून आपण ज्यांच्यासाठी भाकरी थापतो त्यांनी पुढं जाऊन काय केलं, हे विचारायचा अधिकार थापणारीचा नाही तर कुणाचा?

हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या मैत्रिणींनी तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांना बोलतं केलं आणि 1986 मध्ये ते तेलुगूत छापलं. त्या बायका तेव्हा साठीच्या आसपास होत्या. आपल्याकडं 1948 मध्ये पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यात आपले बचतगट आहेत, विडी कामगार बायकांच्या युनियन आहेत, सल्ला केंद्रं आहेत. येत्या महिन्यापासून आमच्या केंद्रातल्या चौघी टेप घेऊन निघणार आहोत, दोघी हिंदू, दोघी मुसलमान, दोन-दोनच्या जोडीनं. पहिला प्रश्न चुलीचा विचारायचा ठरलं आहे: तेव्हा घरात किती माणसं होती आणि पीठ कोण दळत होतं. विहिरीचं आपण विचारायचं नाही. ती बोलली तर ऐकायचं, आणि ती सांगेल तेव्हा टेप बंद करायचा. कुणाच्या घरात कुणाची आजी कुठून आली याची नावानिशी नोंद ठेवायची नाही, नाहीतर उद्या ती यादी भलत्याच माणसांच्या हातात जाईल. तुमच्या गावात अशी कुणी म्हातारी असेल तर दिवाळीच्या आत कळवा. त्यांतल्या दोघी, ज्यांच्याकडं आम्ही उन्हाळ्यानंतर जायचं ठरवलं होतं, त्या पावसाळ्यातच गेल्या.